शेवाळ दिसलं की माशांची टाकी धुवायची?

'काचेवर हिरवं आलं म्हणजे पाणी घाण. टाकी रिकामी करून सगळं घासून काढा' हा सल्ला पणजीपासून मडगावपर्यंत ऐकू येतो. तो चुकीचा आहे. सगळं धुतलं की फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मरतात, अमोनिया वाढतो, मासे धापा टाकतात आणि शेवाळ पुन्हा जोमानं येतं.

दगड-ओंडक्यांवरचं आखूड, मखमली हिरवं शेवाळ तर राहू द्यावं. पावसाळ्यात चिऱ्याची भिंत हिरवी होते, तशीच ही शोभा. कोळंबी आणि गोगलगायी ते चरतात.

पानांवर चढू लागलं तरच हात घाला. दिवा टायमरवर 6 ते 7 तास, खिडकीचं ऊन बंद. आठवड्याला 30 ते 40 टक्के पाणी बदला. ओपाच्या (फोंड्याजवळच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या) नळाचं असेल तर आधी क्लोरीन काढा. फिल्टरचा स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली कधीच नाही.

काळी दाढी, म्हणजे काळ्या केसांच्या झुपक्यासारखं शेवाळ, आली तर बहुधा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होतोय. फिल्टर थांबवून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 10 लिटरला 2 मिली, सिरिंजनं नेमकं त्यावर सोडा. 5 मिनिटांनी फिल्टर सुरू करा. शेवाळ गुलाबी पडलं की मेलं. मॉसवर (टाकीत मुद्दाम लावलेल्या नाजूक हिरव्या वनस्पतीवर) मात्र हे सोडू नका, तेही जळतं.