इंदूर येथील जलविषयक भित्तिचित्रे

इंदूर शहरातील वस्त्यांमध्ये रस्त्यालगतच्या भिंतींवर स्त्रियांनी रंगविलेली नदी, विहीर, बावडी (पायऱ्यांची विहीर), घागर व जलचर या विषयांची चित्रे. देशव्यापी स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर 2017 मध्ये प्रथम क्रमांकावर आले. आजच्या स्वरूपातील चित्रांचा प्रसार त्याच सुमारास झाला असावा. 2021 मध्ये शहराला सांडपाण्याच्या शुद्धीकरणाशी निगडित असे ‘वॉटर प्लस’ मानांकन मिळाले, त्यामुळे सांडपाणी व नाले यांनाही चित्रविषय म्हणून महत्त्व आले.

या चित्रांचा उगम सामान्यतः माळव्यातील मांडण्यांत, म्हणजे रांगोळीसारख्या पारंपरिक रेखाटनांत, शोधला जातो. शेणमातीने सारवून गेरूने लाल केलेल्या जमिनीवर वा भिंतीवर, खडीच्या (पांढऱ्या खडूच्या) पाण्यात भिजविलेला बोळा मुठीत हलकेच दाबत अनामिकेच्या टोकाने स्त्रिया मांडणे काढतात. बावडी हा त्यांतील एक परिचित आकार होय. मात्र मांडण्याचे रंग मुख्यतः दोनच, आणि ते घराच्या अंगणाशी व सणाशी बांधलेले. संजा या कुमारिकांच्या भित्तिव्रताचा विचार याहून अधिक उपयुक्त वाटतो. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत कुमारिका भिंतीवर शेणाच्या आकृती थापून त्या फुलांनी सजवितात, अखेरीस किलाकोट ही किल्ल्यासारखी मोठी आकृती रचतात व सर्व साहित्य पाण्यात विसर्जित करतात. म्हणजे भिंत, स्त्रीचा हात व पाणी यांची सांगड येथे आधीपासूनच आहे. याउलट लग्नकार्यात दारालगत काढले जाणारे चित्रावण हे परंपरेने व्यावसायिक चिताऱ्यांचे, बहुधा पुरुषांचे काम. त्यामुळे सार्वजनिक भिंतीवर कुंचला घेऊन उभी राहणारी स्त्री ही या परंपरांची सरळ वारसदार नसून, आकृतिबंध घरातून व तंत्र फलक-रंगाऱ्यांकडून घेणारी, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. शहरातील मराठी कुटुंबांत चैत्रांगणातील कासव, शंख व कमळ या आकृती परिचित आहेतच. चित्रकार द. दा. देवळालीकरांनी 1927 मध्ये इंदुरात स्थापिलेल्या चित्रकला शाळेतून बेंद्रे, हुसेन यांसारखे चित्रकार घडले, परंतु त्या शिक्षणाचा या चित्रांशी असलेला संबंध दूरचाच मानावा.

तंत्रदृष्ट्या निळा रंग व भिंतीचा पाया या दोन बाबी कसोटीच्या असतात. ताज्या चुन्याच्या गिलाव्यावर प्रशियन निळा अल्कलीमुळे तपकिरी पडतो. घरोघरी चुन्यात कालवली जाणारी नीळ, म्हणजेच अल्ट्रामरीन, चुन्यात टिकते, पण आम्लाने फिकट होते. बाहेरच्या भिंतीसाठी सध्या ॲक्रिलिक रंग वापरतात. जमिनीलगतच्या भागात ओल वर चढून लोणा (क्षारांचा थर) लागतो व रंगाचे पोपडे निघतात. म्हणून लाटा, मासे इत्यादी तपशील पायथ्यापासून काहीसा वर घेणे व खालची पट्टी सपाट गडद ठेवणे हिताचे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जुन्या भिंतींना तडे जातात. ते आधी बुजविले नाहीत तर रेषा तेथेच तुटते.

विषयांमागे शहराचा जलइतिहास आहे. कान्ह व सरस्वती या नद्यांचा संगम शहरातच होतो, आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. 1978 मध्ये नर्मदाकाठच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी इंदुरात आणण्यात आले. मकरवाहिनी नर्मदेची प्रतिमा या भागात सर्वपरिचित आहे. सिरपूर तलाव व यशवंत सागर यांना 2022 मध्ये रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाला, तर 2025 मध्ये इंदूरला उदयपूरसह पाणथळ-नगर म्हणून मान्यता मिळाली.