सर्वो गेला की करंट कमी पडला?

लँडिंगला शेवटचं वळण घेतलं, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढला, तरी नाक वर येईना आणि विमान सरळ उसात. वाळवा-मिरज पट्ट्यात रिमोटवरची मॉडेल विमानं उडवणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही. फडातून विमान हुडकून बाहेर काढेपर्यंत निदानही ठरलेलं असतं: सर्वो, म्हणजे अशा पट्ट्या हलवणारी मोटर-गिअरची छोटी डबी, गेला. मग नऊ ग्रॅमचा नवा एसजी९० बसतो आणि पुढच्या रविवारी तेच विमान तसंच पडतं. पहिला सर्वो धडधाकट होता. त्याला करंट पोचत नव्हता.

तपासायला बसण्याआधी प्रोपेलर काढा. यात हयगय नको, बोटं परत मिळत नाहीत.

खरोखर बिघडलेला सर्वो सहसा एकटाच बिघडतो. एलेव्हेटर वेड्यासारखा वागतो, पण एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) आणि मोटर शहाण्यासारखे चालतात. गिअरचे दात उडाले असतील तर आत मोटर गरगरते, हॉर्न (सर्वोचा बाहेरचा हात) मात्र जागचा हलत नाही किंवा ठरावीक ठिकाणी टकटक करत घसरतो. आतला पॉट झिजला असेल तर खूण वेगळी. पॉट म्हणजे हॉर्न कुठे आहे हे सर्किटला सांगणारा छोटा रेझिस्टर. विमान बहुतेक वेळ सरळ उडतं, त्यामुळे त्याची पट्टी मधल्याच जागी घासली जाते. सर्वो टेस्टर लावून पल्स (सर्वोला जागा सांगणारा सिग्नल) १००० पासून २००० मायक्रोसेकंदांपर्यंत अगदी सावकाश फिरवा. १५०० च्या आसपास थरथर आणि बाकी सगळीकडे गुळगुळीत असेल, तर पॉटच संपलाय.

करंट कमी पडतो तेव्हा सगळ्यांना एकदमच झटका बसतो. रिसीव्हरचा (रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या भागाचा) व्होल्टेज घसरला की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्यात सर्वोही ऐकत नाहीत, मोटरही थांबते. खाली आणेपर्यंत सगळं ठणठणीत! काही रिसीव्हरचा दिवा अशा झटक्यानंतर स्थिर न राहता लुकलुकत राहतो. म्हणून पडलेल्या विमानाची बॅटरी काढण्याआधी दिव्याकडे एक नजर टाका. बॅटरी काढली की तो पुरावा गेला.

करंट का कमी पडतो, याचं गणित सोपं आहे. स्वस्त ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट पुरवणारा भाग, बहुतेक वेळा लिनियर असतो, म्हणजे जास्तीचा व्होल्टेज तो उष्णता करून फेकतो. पूर्ण चार्ज ३एस (तीन सेलची) बॅटरी १२.६ व्होल्टची, सर्वोला हवेत ५. उरलेले ७.६ व्होल्ट. सर्वोंनी मिळून १ अँपिअर ओढला तर ७.६ वॉट उष्णता नखाएवढ्या चिपमधून, तीही श्रिंक ट्यूबमध्ये गुंडाळलेली. तीच बॅटरी २एस, म्हणजे ८.४ व्होल्टची असेल तर फक्त ३.४ वॉट. म्हणूनच एकाच ईएससीवर २एसला जितके सर्वो चालतात तितके ३एसला चालत नाहीत. त्यात सांगलीचा एप्रिल आणि हवा जायला भोक नसलेलं थर्माकोलचं अंग. चार-पाच मिनिटं छान उडून मग सगळंच गप्प होत असेल आणि गार झाल्यावर परत चालत असेल, तर सर्वोला दोष देऊ नका.

मल्टिमीटरने बघायचं तर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मधल्या पिनला लाल आणि ग्राउंडला काळी प्रोब लावा. मिन-मॅक्स असेल तर मिनवर ठेवा. रिमोटच्या दोन्ही स्टिक एकदम गोल फिरवा, दुसऱ्या कोणाला एलेरॉनवर बोटाने हलका दाब द्यायला सांगा. ५ चे ४.८ झाले तर ठीक, ४.५ ला शंका घ्या, ४ च्या खाली गेलं तर ते विमान उडवू नका. मीटर मंद असतो, क्षणभराची घसरण त्याला दिसतच नाही. तो दाखवतो त्यापेक्षा खरी स्थिती वाईटच धरा.

खरी गफलत होते ती दोन्ही आजार एकात असतात तेव्हा. पुशरॉड, म्हणजे हॉर्नपासून पट्टीपर्यंतचा दांडा, कुठेतरी अडकतो, सर्वो त्याच्याशी झुंजत बसतो. स्टिक मध्यावर असतानाही बारीक गुणगुण ऐकू येते. अडकलेला एसजी९० अर्ध्या अँपिअरच्या वर सहज ओढतो, आणि त्याच्यापायी बाकीच्यांचाही व्होल्टेज पडतो. दिसताना सगळंच बिघडलेलं दिसतं, गुन्हेगार मात्र एकच. अशा वेळी मीटर लावून ठेवा आणि सर्वो एकेक करून उपसा. ज्याचा प्लग निघताच आकडा उडी मारून वर येतो तो धरा. त्याचा हॉर्न पुशरॉडपासून सोडवा. गुणगुण थांबली तर दोष दांड्याचा, नाही थांबली तर सर्वोचा. एकच सर्वो मधूनमधून मरत असेल तर त्याची वायर थेट दुसऱ्या चॅनेलला लावून बघा. तिथे नीट चालला तर एक्स्टेंशनची पिन सैल किंवा काळी पडलेली असते. पावसाळ्यानंतर हे हमखास.

दात उडालेला एसजी९० उघडून गिअर बदलता येतो, पण तेवढ्या खटपटीला तो लायक नाही, नवाच घ्या. उसात वारंवार पडत असेल तर धातूच्या दातांचा एमजी९०एस बरा. तो साडेतेरा ग्रॅमचा, म्हणून शेपटीत बसवल्यास सीजी (विमानाचा तोल) पुन्हा तपासा. करंटसाठी वेगळा ३ किंवा ५ अँपिअरचा स्विचिंग यूबीईसी (जास्तीचा व्होल्टेज फारसा उष्णतेत न घालवणारा, बाहेरून लावायचा बीईसी) लावा, आणि तेव्हा ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून टेप करा, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. रिसीव्हरला कपॅसिटर लावला तर तो क्षणिक झटके झेलतो, तापलेल्या बीईसीला वाचवत नाही.

आणि सगळं बरोबर असूनही एलेव्हेटर ढिला वाटला तर सर्वोचं अंगच धरून हलवून बघा. उन्हात उभ्या गाडीत विमान तासभर राहिलं की ग्लूगनचा गोंद मऊ होतो. मग हॉर्नऐवजी सर्वोच फिरतो.