काम आधीच हरित होतं: पुण्याच्या कचरावेचकांची तीन दशकं

सप्टेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि कामगारांच्या व मालकांच्या जागतिक संघटना यांनी मिळून हरित रोजगारांवर एक मोठा अहवाल काढला. पवनचक्क्या, सौरऊर्जा, कमी वीज खाणाऱ्या इमारती यांच्या जोडीला त्यात भंगाराचाही विचार होता, आणि तिथे गाडी अडली. टाकाऊ मालाला पुन्हा कामी लावणं पर्यावरणाच्या भल्याचं, पण ते करणाऱ्यांच्या वाट्याला घाण, धोका आणि तुटपुंजी कमाई. काम हरित, पण सन्मानाचं नाही. ‘सन्मानाचं काम’ ही कल्पना श्रम संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हुआन सोमाविया यांनी १९९९ मध्ये मांडली होती. त्यात पुरेशी कमाई, सुरक्षितता, आजारपणात-म्हातारपणात आधार आणि संघटना करण्याचा हक्क हे सगळं येतं.

त्याच २००८ सालात पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा पाच वर्षांचा करार केला. हा योगायोग म्हणू. पण पुण्यात या प्रश्नाला तोंड फुटून तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य बायका दलित. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून जी कुटुंबं शहरात आली, त्यांतल्या अनेकींना हेच काम मिळालं. ‘मिळालं’ म्हणणंही जरा चुकीचंच, कारण कोणी दिलं नव्हतं. पहाटे पोतं घेऊन कचराकुंडी गाठायची, कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं काढायचं आणि भंगारवाल्याकडे वजनावर विकायचं. अॅल्युमिनियमचा रिकामा डबा वितळवून पुन्हा वापरला, तर खनिजापासून नवा धातू काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. हा हिशेब त्या बाईला कोणी सांगितला नव्हता. तिला ठाऊक होता तो भंगारवाल्याचा भाव, आणि कुठे चोरी झाली की पोलीस आधी आपल्यालाच धरतात ही गोष्ट.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे केंद्रातल्या प्रौढ शिक्षण विभागाची मंडळी वस्त्यांमध्ये शिकवायला जाऊ लागली. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने ही त्यांतली दोन नावं. मुलं वर्गाला का येत नाहीत, तर आईबरोबर कचऱ्यावर जातात. मग या दोघी-तिघीही त्यांच्याबरोबर कुंड्यांवर जाऊ लागल्या. कोरेगाव पार्कमधल्या रहिवाशांना सुका कचरा वेगळा द्यायची विनंती केली, काहींनी मानली. माल स्वच्छ मिळू लागला, उकिरडा उपसण्याचा वेळ वाचला, कमाई वाढली. तेवढ्यात एका खासगी व्यावसायिकाने मोटारगाडी आणून त्याच भागातला कचरा उचलण्याचा घाट घातला. बायका रस्त्यावर उतरल्या.

या कहाणीचं बी इथेच आहे असं मला वाटतं. कचरा उकिरड्यात होता तोवर त्याला वाली नव्हता. तो दारातून स्वच्छ मिळायला लागला, की लगेच गाडीवाला हजर.

मदतीला आले बाबा आढाव. १९५५ पासून हमाल पंचायत चालवणारे. मालक ठरलेला नाही अशा कामगारालाही हक्क मिळू शकतात, हे हमालांच्या लढ्यातून आणि १९६९ च्या माथाडी कायद्यातून महाराष्ट्राने पाहिलं होतं. तोच धागा पकडून १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचं अधिवेशन भरलं आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची युनियन उभी राहिली. नावातच सगळं आहे: कचरा हा शब्द नाही, कष्टकरी आहे.

पहिली मागणी मजुरीची नव्हती, ओळखपत्राची होती. १९९५-९६ च्या सुमारास महापालिकेने युनियनच्या ओळखपत्रांवर आपली मोहर उमटवली. कार्ड दाखवलं की हवालदाराशी बोलता येतं, सोसायटीच्या रखवालदाराला अडवता येत नाही. बाकीच्या गोष्टी मागून आल्या: पतसंस्था, स्वतःचं भंगाराचं दुकान.

पुढचं शस्त्र आकड्यांचं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ मध्ये झालेल्या अभ्यासाने हिशेब मांडला, की प्रत्येक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचं काम शहराला फुकट करून देते. आपण महापालिकेकडे दान मागत नाही, थकबाकी मागतो, असं आता म्हणता येऊ लागलं. २००२-०३ मध्ये महापालिका त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरू लागली.

दरम्यान केंद्राच्या २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरचा कचरा उचलणं शहरांवर बंधनकारक केलं. म्हणजे कोरेगाव पार्कचा गाडीवाला आता कायद्याचा हात धरून येणार. युनियनने २००५ पासून स्वतःच दारोदार संकलनाचा प्रयोग केला, आणि त्यातून ‘स्वच्छ’ निघाली. रचना साधी: महापालिका ढकलगाड्या, हातमोजे, व्यवस्थापनाचा खर्च देते, रहिवासी दरमहा शुल्क देतात, सुका माल विकून येणारे पैसे बायकांचे. पगार नाही. त्यामुळे एखाद्या घराने शुल्क बुडवलं तर फटका थेट तिला. या रचनेतली ही कच्ची बाजू आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

करारही डळमळीतच राहिला. पहिला २०१३ च्या अखेरीस संपला, नवा २०१६ मध्ये झाला. मधल्या काळात काम चालूच. हा नवा करार संपत आला तेव्हा ठेकेदारांचं नाव पुन्हा चर्चेत, आणि बायका पुन्हा मोर्चात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं, पण ‘घ्या’ आणि ‘ठेका द्या’ यांतलं अंतर प्रत्येक महापालिका आपापल्या सोयीने मोजते.

प्लास्टिकची वेष्टनं बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांवर ती टाकाऊ झाल्यावरची जबाबदारी आली, तिचे तपशीलवार नियम २०२२ चे. इतकं प्लास्टिक पुन्हा कामी लावलं, अशा प्रमाणपत्रांचा व्यवहार उत्पादक आणि नोंदणीकृत प्रक्रियाकार यांच्यात चालतो. बाटली सर्वांत आधी जिने उचलली, तिचं नाव त्या साखळीत कुठेच येत नाही. गटारं आणि मैलाटाक्या साफ करणाऱ्या कामगारांसाठी आलेल्या केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचा समावेश झाला आहे. तिची सुरुवात नोंदणी आणि ओळखपत्रापासून, त्यामागून आरोग्यविमा. पुण्यात याच क्रमाने सुरुवात झाली होती, तीस वर्षांपूर्वी.