दमलेला मालक आणि विटलेला मालक

दिवाळीच्या आधी साकीनाक्याच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चक्कर मारा. एकाच मजल्यावरच्या दोन गाळ्यांचे मालक तुम्हाला तेच ऐकवतील, ‘काही करावंसंच वाटत नाही हो आता.’ एक मिठाईचे बॉक्स छापतो, दुसरा इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्र्याचे खोके बनवतो. दोघांचेही चेहरे ओढलेले. घरचे दोघांनाही सांगतात, चार दिवस कुठेतरी जाऊन ये. बॉक्सवाल्याला ते लागू पडेल. पॅनेलवाल्याला नाही पडणार. पहिला दमलाय, दुसरा विटलाय, आणि या दुसऱ्यालाच हल्ली बर्नआउट म्हणतात.

मी अशा छोट्या कारखान्यांची खाती बघतो. हे दोघं म्हणजे कुणी ठरावीक माणसं नव्हेत, अनेक अशिलांची सरमिसळ आहे. पण नमुने खरे आहेत आणि ओळखायला फारसे अवघडही नाहीत, फक्त तासांकडे बघून ओळखू नयेत.

कारण तासांचा हिशेब उलटाच निघतो. बॉक्सवाला गणपती उठल्यापासून गाळ्यातच राहिल्यासारखा असतो. रात्रपाळीत पंचिंग चालू, मिठाईवाला मध्यरात्री प्रूफमध्ये बदल सांगतो, टेम्पो पहाटे भरायचा. कामगारांवर खेकसतो, बिलाच्या तारखा चुकवतो. पण नुकताच पंच होऊन आलेला बॉक्स त्याच्या हातात द्या. तो ट्यूबलाइटखाली धरेल, सोनेरी फॉइलवरून अंगठा फिरवेल आणि म्हणेल, ‘कोपरा बघा, कुठे तुटलाय का?’ तीन रात्री झोप नाही तरी त्या कोपऱ्याचं त्याला पडलेलं असतं. भाऊबीजेपर्यंत तो लोळून काढतो, आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत लग्नपत्रिकांचे नमुने घेऊन बसतो.

पॅनेलवाला मात्र सातला घरी असतो, आठ तास झोपतो. ऑर्डरी बेताच्याच आहेत. दिवसभर टेबलावर असतो, पण कोटेशन अर्धवट लिहून पडलेली. फोरमन सांगायला येतो, पत्रा असा आडवा कापला तर भंगार कमी निघेल. पूर्वी याने लगेच कागद ओढून आकृती काढली असती. आता मान वर न करता म्हणतो, ‘कर तुला काय करायचं ते.’ गिऱ्हाइकांविषयी बोलताना एकच पालुपद, सगळे चोर. मुख्य म्हणजे, चांगला लॉट गेला तरी त्याला आपण काही केलं असं वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर झालेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यात नेमक्या याच तीन गोष्टी आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दमलेल्या माणसात पहिली असते, उरलेल्या दोन नसतात. संघटनेने तिथेच हेही नोंदवलंय की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न सुटलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, आणि हा शब्द कामापुरताच वापरायचा.

मालक मंडळींना हे पटत नाही. ‘अहो, माझा स्वतःचा धंदा आहे, मी कशाला विटेन? ते नोकरदारांचं.’ इतिहास याच्या उलट सांगतो. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांची ही अवस्था मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 1974 मध्ये मांडली. त्यांत कितीतरी जण स्वयंसेवक होते. स्वतःहून, जीव ओतून आलेले. ज्याला कामाचं फारसं काही वाटतच नाही तो कामचुकार होतो. विटायला आधी काम मनापासून आवडलेलं असावं लागतं.

दोघांतला फरक सुट्टीनंतर सगळ्यात स्वच्छ दिसतो. दमलेला माणूस परतल्यावर आठवडाभर तरी हलका असतो. विटलेल्याला परतीच्या वाटेवर, खालापूरच्या टोलनाक्याच्या आसपासच, छातीवर ओझं जाणवायला लागतं. महिन्याच्या सरकारी मुदतींचं कॅलेंडर तर तेच आहे : 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, 15 ला पीएफ, 20 ला जीएसटीचं दुसरं विवरणपत्र. आणि तीन महिन्यांपूर्वी माल उचललेल्या पार्टीचं पेमेंट अजून ‘पुढच्या आठवड्यात’. सुट्टीने यातलं काहीच हललेलं नसतं, त्यामुळे सुट्टीचा गुण टिकत नाही.

दमण्याचं औषध सोपं आहे, घेणं कठीण. विश्रांती आधी ठरलेली हवी आणि पुरती हवी. मुंबईचे डबेवाले दर वर्षी गावच्या जत्रेसाठी काही दिवस सेवाच बंद ठेवतात. गिऱ्हाइकांना आधी कळवतात, गिऱ्हाइकं सोय करतात, परतल्यावर डबे पुन्हा सुरू. आपला मालक मात्र महाबळेश्वरला जाऊन पॉइंटवर उभा राहून टेम्पोवाल्याशी बोलत असतो. ती सुट्टी नाही, गाळा नुसता थंड हवेत नेला.

विटण्याचं औषध कामातच शोधावं लागतं. या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या क्रिस्टिना मॅस्लॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी कामातल्या सहा जागा सांगितल्या आहेत, जिथे माणूस आणि काम यांचा सांधा निखळतो : कामाचा बोजा, हातातलं नियंत्रण, मोबदला, सोबतीची माणसं, न्याय आणि मूल्यं. मालकाने आधी बोज्याकडे बोट दाखवावं हे साहजिक आहे. मला मात्र खात्यांत नियंत्रण आणि न्याय हेच दोन जास्त वेळा दिसतात. माल वेळेवर दिला, दर्जा चोख, आणि पैशासाठी मिनतवाऱ्या. हे वर्षानुवर्षं चाललं की माणूस कडवट होणारच.

इथे पॅनेलवाल्याला प्रेरणेच्या भाषणापेक्षा कायदा अधिक उपयोगाचा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट, करार असला तरी, 45 दिवसांच्या पुढे लांबवता येत नाही. लांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. आपल्या सगळ्यात मोठ्या पार्टीवर तक्रार कोण करतो, हा प्रश्न रास्त आहे. फारच थोडे करतात. म्हणून मी आधी ट्रेड्सचा, म्हणजे थकलेल्या बिलांवर बँकांकडून पैसे उचलायच्या ऑनलाइन मंचाचा, रस्ता सुचवतो. बिल तिथे चढवायचं, पार्टीने ते मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे लवकर हातात येतात. पुढे पार्टीकडून वसूल करणं ही बँकेची डोकेदुखी, तुमची नाही. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी म्हणजे बिल मान्य केलंच असं नव्हे, पण निदान मागणी घालायला जागा मिळते.

वसुलीचा फोन स्वतः करणं बंद करणं, हाही एक उपाय. ज्या माणसाकडे ऑर्डर मागायची त्याच्याकडेच पैशांसाठी हात पसरायचा, यात मालकाचं जे खच्ची होतं ते पगारी अकाउंटंटचं होत नाही. एका फोनची जागा बदलून विटलेला माणूस दोन दिवसांत टवटवीत होत नाही, महिने लागतात. पण बदल एकच असावा आणि ठोस असावा. ध्यान, डायरी, पहाटे पाचला उठणं, जिम असं एकदम सुरू केलं तर बोज्यात भरच पडते.

चूक उलट्या दिशेनेही होते, आणि ती महाग पडते. सीझनच्या ऐन मध्यात, तीन आठवड्यांची झोप थकलेली असताना, माणूस ठरवतो की हा धंदाच आपल्यासाठी नाही. भाऊबंदांत वाटणी, गाळा भाड्याने देणं, भागीदाराशी तोडणं असले निर्णय मी दिवाळीच्या आधी झालेले पाहिलेत. दमलेल्या डोक्याला सगळंच विटल्यासारखं दिसतं. म्हणून आधी झोप, आठ-दहा दिवस नीट, मग चाचणी. जाणकार गिऱ्हाइकाने कामाचं कौतुक केलं तर आत काही हलतं का? हलत असेल तर गाळा विकू नका.

आणि झोप होऊनही अंग गळलेलंच असेल, तर दोन्ही तर्क बाजूला ठेवून रक्त तपासा : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, साखर. बायको म्हणत असेल की रात्री घोरता घोरता श्वास अडकतो, तर तेही डॉक्टरांना सांगा. नकोसेपणा गाळ्यापुरता न राहता जेवण, मुलं, क्रिकेट, सगळ्यावर पसरला असेल, तर ते बर्नआउटच्या व्याख्येत बसत नाही. तिथे मानसोपचाराची मदत लागते. टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.