सशांच्या सिनेमाचे प्रमाणपत्र बदलले, त्याची पार्श्वभूमी

‘वॉटरशिप डाउन’ या १९७८ सालच्या ब्रिटिश ॲनिमेशनपटाचे प्रमाणपत्र २०२२ मध्ये बदलले. सगळ्यांना चालणाऱ्या ‘यू’चे ‘पीजी’ झाले, म्हणजे मुलांना दाखवण्याआधी पालकांनी विचार करावा. हे ठरायला ४४ वर्षे लागली.

कार्टून म्हणजे बिनधोक, असे ब्रिटनचे सेन्सॉर मंडळ सुरुवातीपासून मानत होते असे मात्र नाही. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ १९३८ मध्ये तिकडे पोहोचला, तेव्हा याच मंडळाने त्याला ‘ए’ दिले होते. सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठे माणूस हवेच. चेटकीण आणि ते रात्रीचे जंगल मंडळाला फार भीतिदायक वाटले. काही ठिकाणच्या स्थानिक प्रशासनांनी हा निर्णय गुंडाळून ठेवला आणि सिनेमा सगळ्यांना खुला केला.

‘वॉटरशिप डाउन’च्या वेळी पारडे दुसरीकडे झुकले. रिचर्ड ॲडम्स यांनी मोटारप्रवासात आपल्या दोन मुलींना सांगितलेली सशांची गोष्ट १९७२ मध्ये कादंबरी होऊन आली आणि मार्टिन रोझेन यांनी तिचा सिनेमा केला. संकटाची चाहूल लागल्यावर वस्ती सोडून निघालेले ससे, एवढे ऐकले तर गोष्ट गोडच वाटते. पडद्यावर मात्र रक्ताने भरलेले शेत दिसते, बुजवलेल्या बिळांत गुदमरणारे ससे दिसतात, तारेच्या फासात अडकलेल्या सशाच्या तोंडाला रक्ताळलेला फेस येतो. निर्मात्यांनी काही लपवलेही नव्हते. पोस्टरवरच फासातला ससा होता. तरी परीक्षकांचे मत पडले की चित्रांमुळे रक्तपाताची दाहकता कमी होते, आणि गोष्टीचा अंमल उतरला की मुलांना त्याचा फारसा त्रास राहणार नाही. माझ्या मते चूक या दुसऱ्या भागात होती. थिएटरातले दिवे लागले म्हणून मुलाची भीती संपत नाही. तिची वेळ रात्री अंथरुणात येते.

पुढे हा सिनेमा टीव्हीवर आणि व्हिडिओ कॅसेटवर आला. शेजारी मोठे कुणी असेलच याची खात्री नाही, आणि वर ‘यू’चा शिक्का. २०१६ मध्ये चॅनल फाइव्हने तो चक्क ईस्टरच्या रविवारी दुपारी लावला आणि पालक खवळले. आज हा सिनेमा आला असता तर ‘पीजी’ दिले असते, असे तेव्हा मंडळाच्या प्रमुखांनीच सांगितले. वाहिनीने पुढच्या ईस्टरलाही तोच लावला! अखेर सिनेमा पुन्हा तपासणीला आला, तेव्हा हिंसा, धोक्याचे प्रसंग आणि रक्ताची दृश्ये यांच्या जोडीला ‘भाषा’ हेही कारण नोंदवले गेले. सिनेमातला समुद्रपक्षी एके ठिकाणी शिवी हासडतो, ती अशी महागात पडली.

त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे डिस्नेच्या नव्या ‘जंगल बुक’ला ‘यूए’ मिळाले. त्यात मोगली खराखुरा आणि बाकी जवळपास सगळे संगणकावर घडवलेले. थ्रीडीमध्ये प्राणी अंगावर आल्यासारखे वाटतात, मुले घाबरतील, असे सेन्सॉर बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी म्हणाले आणि त्यांची भरपूर टिंगल झाली. त्यांचे बाकीचे निर्णय बाजूला ठेवले, तर हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अडचण प्रमाणपत्राच्या साच्यात होती. १९८३ पासून चालत आलेल्या ‘यूए’त बारा वर्षांखालची सगळी मुले एकाच टोपलीत, चार वर्षांचे आणि अकरा वर्षांचे मूल सारखेच. ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन गट सिनेमांसाठी लागू झाले ते २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर, २०२४ च्या नियमांनी. ओटीटीसाठी हेच टप्पे २०२१ मध्येच आले होते.