शरीराचा तोल आणि युद्धोत्तर पुनर्वसन

शरीराचा गुरुत्वमध्य पावलांनी व्यापलेल्या जागेच्या वर राखणे म्हणजे तोल सांभाळणे. उभा माणूस स्थिर दिसतो, प्रत्यक्षात तो क्षणभरही स्थिर नसतो. गुरुत्वरेषा, म्हणजे गुरुत्वमध्यातून सरळ खाली जाणारी रेषा, घोट्याच्या किंचित पुढून जाते, त्यामुळे शरीर सारखे पुढे झुकू पाहते आणि पोटरीचे स्नायू त्याला मागे खेचत राहतात. दाब मोजणाऱ्या ‘फोर्स प्लेट’वर माणसाला उभे केले की हे बारीक हेलकावे नोंदले जातात; डोळे मिटल्यावर ते वाढतात.

मेंदूला तोलाची खबर तीन वाटांनी मिळते: डोळे, तळपाय-सांधे-स्नायू आणि अंतर्कर्ण. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याचे टिपतात. शेजारच्या दोन पिशव्यांतले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण डोके कलल्याचे आणि सरळ रेषेतला वेग बदलल्याचे कळवतात. या सगळ्याचा मेळ लहान मेंदू घालतो. एक वाट बंद पडली तरी उरलेल्या दोन बरेच भागवून नेतात.

गळीत हंगामात सांगली-साताऱ्याच्या उसाच्या फडात हे काम डोळ्यांदेखत चालते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी, आणि ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून ऊसतोड मजूर बाई वर चढते. मोळीमुळे गुरुत्वमध्य वर सरकतो, फळीमुळे खालचा आधार आक्रसतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी अडचण. ती मान ताठ ठेवते, पाऊल टेकून फळीचा अंदाज घेते आणि मगच त्या पायावर भार टाकते. हात मोळीला धरलेले असल्याने ते फैलावून सावरण्याची सोय नसते. सारी दुरुस्ती घोटा आणि कमरेतून होते. याला कौशल्य म्हणायला आपल्याकडे कोणी फारसे तयार नसते, पण ते आहे.

तोलाच्या अभ्यासाला युद्धाने वारंवार वळण दिले. व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले होते, की रुग्णाचा कान थंड पाण्याने धुतला तर त्याला चक्कर येते आणि बुबुळे झटके देऊ लागतात. पाणी गरम असेल तर झटक्यांची दिशा उलटते. यातून अंतर्कर्णाची तपासणी जन्मली आणि बारानींना १९१४ सालचे वैद्यकाचे नोबेल मिळाले. ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते. स्वीडनच्या राजपुत्राने मध्यस्थी केल्यावर १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या दशकात, इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोक्याला व कानाला इजा झालेल्यांसाठी व्यायाम बसवले. आधी पडल्या पडल्या नुसते डोळे फिरवायचे, मग मान, मग बसून, उभे राहून, डोळे मिटून, शेवटी चेंडू झेलत आणि जिने चढत. ज्या हालचालीने भोवळ येते तीच मुद्दाम पुन्हा पुन्हा करायची, म्हणजे मेंदू नव्याने जुळवून घेतो. तोल गेलेल्याला अंथरुणात जपून ठेवण्याच्या रीतीला हा चांगलाच धक्का होता.

तालमीतही तोल मोडूनच घडवला जातो. खडाखडीत, म्हणजे उभ्याने चाललेल्या झटापटीत, मानेला हात घालून जोडीदाराला खेचायचे, त्याचे वजन पुढच्या पायावर आले की पट काढायचा, म्हणजे खाली झेपावून पाय धरायचा. वस्ताद रोज हेच करून घेतात. जमीन बदलली तर मात्र कसलेल्या पैलवानालाही नव्याने शिकावे लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तांबड्या मातीत तयार झालेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, गादीवरच्या कुस्तीची फारशी सवय नसताना, ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

सातारा हा सैनिकांचाही जिल्हा. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ चिकटले आहे. लढाईत पाय गमावलेल्या जवानांसाठी पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. पाय कापला गेला की त्या बाजूच्या तळव्याची आणि घोट्याची खबर कायमची थांबते. ती उणीव डोळे आणि उरलेल्या भागातल्या संवेदनांनी भरून काढावी लागते. म्हणून कृत्रिम पाय बसवण्याइतकेच त्यावर उभे राहायचे शिक्षण महत्त्वाचे. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ अनवाणी चालता, उकिडवे बसता यावे अशा बेताचा होता. शेतात राबणाऱ्याला तो मानवला, आणि पुढे अफगाणिस्तान, कंबोडियातल्या सुरुंगग्रस्तांनाही.

युद्धोत्तर शांतता-बांधणी हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजात ठळक झाला तो सरचिटणीस बुत्रोस घाली यांच्या १९९२ च्या अहवालाने. त्यावरच्या लिखाणात करार, निवडणुका, शस्त्रे खाली ठेवणे यांची चर्चा भरपूर. लढाईतून परतलेल्या शरीराची त्या मानाने कमी. अपवाद भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा कराराचा. सुरुंगग्रस्तांची शुश्रूषा, पुनर्वसन आणि समाजात पुन्हा सामावून घेणे यांसाठी, ज्यांना शक्य आहे अशा सदस्य देशांनी मदत करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. भारत या कराराचा सदस्य नाही. करार झाला तरी खर्च संपत नाही: कृत्रिम पाय झिजतो, खुंटाचा, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाचा, आकार बदलतो आणि जखमी मूल असेल तर वाढत्या उंचीबरोबर त्याला नवनवे पाय द्यावे लागतात, प्रत्येक वेळी तोलही नव्याने बसवावा लागतो.