३२० केलं म्हणून आवाज सुधारत नाही
मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानांच्या काळापासून मराठवाड्यात एक समज पक्का बसलाय: १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहिती असलेली) एमपीथ्री ३२० मध्ये बदलली की आवाज सुधारतो. तसं होत नाही. एमपीथ्री बनतानाच, कानाला सहसा जाणवणार नाहीत असे बारकावे कायमचे काढलेले असतात. ते परत येत नाहीत. फाइल तेवढी अडीचपट फुगते, मिनिटाला साधारण १ एमबीची २.४ एमबी. उलट प्रत्येक रूपांतरात आणखी थोडं गळतं. भजनातली झांज नीट ऐका, बिघाड तिथे आधी कळतो.

गावच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करत असाल तर कृपा करून मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच ठेवा; या प्रकारच्या फाइलींत आवाजातलं काही गळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची एमपीथ्री त्यातून कधीही काढता येते.